हिरव्या बांगड्यांचा रकाना

सिंदी रेल्वेच्या बाजारात शोभाबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत शोभाबाईंना कळे, ते काय घ्यायला आलंय. लग्न ठरलेली पोरगी आईच्या मागून येते आणि डब्यांकडे न बघता रस्त्याकडे बघत उभी राहते. नवऱ्याशी भांडून आलेली बाई दहा रंग काढायला लावते आणि शेवटी पहिलाच घेते. आणि जिला नुकतेच दिवस गेलेत, ती एक हात बांगडीसाठी पुढे करते तेव्हा दुसरा हात तिच्याही नकळत पोटाशी जातो. शोभाबाई हे सगळं बघत आणि तोंडातून अवाक्षर काढत नसत. हवा तो डबा त्यांच्या हाताशी आलेला असे, पण बाईनं स्वतःहून मागितल्याखेरीज त्याचं झाकण उघडत नसे.

सून म्हणून आली तेव्हा रुचिकाला याचं फार नवल वाटलं होतं. बी.कॉम. झालेली मुलगी; तिला वाटे, हे सगळं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. सासूबाईंना विचारलं तर त्या हसत. "लिवून काय करतं व? देवीनं डोळे देल्ले, तोंडही देल्लं. डोळे उघडे ठेवाचे, तोंड मिटून ठेवाचं. एवढंच आहे आपल्या धंद्यात."

दोन हजार आठची संक्रांत झाली आणि दुकानात कॉम्प्युटर आला. आणला प्रफुलनं, शोभाबाईंच्या धाकट्या मुलानं. तो नागपूरला एका कंपनीत लागला होता. कंपनीची बायकांसाठी मराठी वेबसाइट होती: पाककृती, उखाणे, राशिभविष्य, आणि कडेला जाहिराती. प्रफुलचं म्हणणं साधं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दुकानानं सोडत काढली होती, तेव्हा त्रेसष्ट बायकांनी चिठ्ठ्यांवर नाव आणि फोन लिहून दिला होता. ज्यांचा ई-मेल होता त्यांनी तोही दिला होता. ती नावं वहिनींनी कॉम्प्युटरवर भरायची आणि कोणती बाई कशाच्या निमित्तानं बांगड्या घेऊन गेली, तेवढी एक खूण करत राहायची. त्याबदल्यात वेबसाइटच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव झळकणार होतं.

"काही अवघड नाई वहिनी," प्रफुल म्हणाला. "पाच रकाने आहेत. लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, सण, इतर. क्लिक करा, झालं."

रुचिकाला हे काम मनापासून आवडलं. पियुष, तिचा नवरा, माल आणायला फिरोजाबादला गेला होता. दुपारी बाजार सुस्तावला की ती कॉम्प्युटरसमोर बसायची. एक दिवस तिनं सासूबाईंना हाताला धरून आणलं.

"आई, गंमत पाहा. हे आपल्या गल्लीतल्या सपनाच्या नावानं उघडते." पडद्याच्या कडेला शालू आले, मंगळसूत्रं आली, वर्ध्याचं एक मंगल कार्यालय आलं. "आता हे माह्या नावानं." शालू गेले आणि दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, गणवेश आले. रुचिकाची मुलगी जूनमध्ये शाळेत जायची होती.

शोभाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "बापा! हे तं माह्यावानीच करून राह्यलं व!" त्या लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. मग म्हणाल्या, "पण याले कोणं सांगतलं, सपनाचं जमलं म्हून?"

"म्याच भरलं. रकाना आहे ना तसा."

"सपनाले विचारलं?"

"आई, अख्ख्या सिंदीले माहीत आहे ते."

दिवेलागण झाली होती. शोभाबाई देवीच्या तसबिरीपुढे समई लावायला उठल्या.

फाल्गुनातल्या एका सोमवारी इंदिरा मॅडम दुकानात आल्या. मॅडम सिंदीच्या शाळेत शिकवत. वर्ध्याजवळ नालवाडीला राहत आणि रोज गाडीनं येत-जात. वय सेहेचाळीस. मूलबाळ नव्हतं, त्यांचे यजमान बँकेत होते. आवाज इतका हळू की वर्गातली मुलं ऐकण्यासाठी आपोआप गप्प बसत. वर्षातून दोन-तीनदा त्या येत आणि त्यांनी सांगितलं की शोभाबाई पुडा बांधून देत: दोन डझन हिरव्या बांगड्या, खण, नारळ, पाच खारका, वरून पिवळा कागद.

मॅडमना पुडा नेताना रुचिका पहिल्यांदाच पाहत होती, पण असा पुडा कशासाठी बांधतात, हे तिला आता पाठ होतं. सातव्या महिन्याची ओटी! मॅडम गेल्यावर तिला भरून आलं. देवानं उशिरा का होईना, ऐकलं म्हणायचं. विचारायचं नसतं, हे ती या दुकानात शिकली होती. लिहायचंही नसतं, हे मात्र शिकायचं राहिलं होतं. सोडतीच्या चिठ्ठीवर मॅडमचा ई-मेल होताच. संध्याकाळी तिनं आनंदानं डोहाळजेवणाच्या रकान्यात इंदिरा मॅडमचं नाव भरलं.

शुक्रवारी चारच्या सुमाराला मॅडम पुन्हा आल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्या बसल्या नाहीत.

"शोभाबाई, एक विचारायचं होतं. राग मानू नका." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता. "माझ्या बांगड्यांबद्दल तुम्ही कुणाजवळ बोललात का?"

"नाई बाई. काऊन? काय झालं?"

"काल शाळेत परीक्षेचं परिपत्रक ई-मेलनं येणार होतं. आमचे क्लार्क महादेवराव कॉम्प्युटर सुरू करून बसले होते, मागे सात-आठ जण उभे. मी माझं खातं उघडलं, तर पहिलंच पत्र..." मॅडमनी रस्त्याकडे एकदा पाहिलं. "'अभिनंदन इंदिराताई, सातवा महिना लागला! हिरव्या बांगड्या झाल्या, आता बाळाची तयारी, खास आपल्याकरता.' पाळणे, दुपटी, सगळं चित्रांसकट. महादेवरावांनी मोठ्यानं वाचलं. म्हणाले, मॅडम, आम्हाला पेढे कुठे आहेत?"

रुचिकाच्या हातातली बांगड्यांची माळ निसटून काउंटरवर पडली. शोभाबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहणं त्यांना पुरलं. जन्मभर चेहरेच वाचत आल्या होत्या त्या.

त्या काउंटरबाहेर आल्या आणि मॅडमसमोर त्यांनी हात जोडले. "बाई, माह्या दुकानातून गेली ही गोष्ट. मंग कोणाच्या तोंडून गेली, कोणाच्या हातून गेली, ते माह्या घरचं. चूक माही आहे."

"आई..." रुचिका म्हणाली.

"तू गप राह्य."

मॅडमनी शोभाबाईंचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले. "तुम्ही असं नका करू. मला फक्त माहीत असायला हवं होतं." त्यांनी घड्याळ पाहिलं, वर्ध्याच्या गाडीची वेळ झाली होती. पायरी उतरताना त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, फाल्गुनातल्या त्या उन्हात.

रुचिका रडायलाच लागली. शोभाबाईंनी तिला रडू दिलं, मग तांब्यातून पाणी दिलं.

"मले वाटलं, त्याईलेच दिवस गेले," रुचिका म्हणाली.

"त्या बाईचं माप काय आहे?"

"दोन-चार."

"आन पुड्यात म्या कोणतं घातलं होतं?"

रुचिका आठवू लागली. पुडा तिच्यासमोरच बांधला होता. "दोन-आठ," ती म्हणाली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"मांगच्या खेपेले दोन-सहा होतं. त्याच्या मांगं दोन-दोन, कोण्या बारक्या पोरीचा हात असंन." शोभाबाई शांतपणे बोलत होत्या. "बारा वर्षं झाले, ती बाई दुसऱ्याच्याच मापाच्या नेते. कोणासाठी, ते म्या एका शब्दानं विचारलं नाई, आन तिनं सांगतलं नाई. कोण्या बिनमायच्या पोरीची ओटी भरते ती, एवढं मले समजते. नेम आहे तिचा. आपले सोमवार, शुक्रवार आहेत ना, तसा. पण आपले उपास साऱ्या गल्लीले माहीत असते व! हिचं व्रत पाह्य. बारा वर्षं, कोणाले पत्ता नाई."

मापाचा रकाना प्रफुलच्या यादीत नव्हता, आणि रुचिकालाही तो आठवला नव्हता.

त्याच संध्याकाळी तिनं दिराला फोन लावला. प्रफुल वाईट मुलगा नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"नाव काढतो वहिनी, आजच काढतो. पण सांगून ठेवतो, आमच्याकडून ती यादी आणखी दोघा-तिघांकडे गेली आहे. दुपटीवाले, दूधपावडरवाले. त्यांच्याकडून काढणं माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात नाई तं मंग दिलं काऊन?"

"सगळेच देतात वहिनी."

शोभाबाईंनी फोन मागून घेतला. "प्रफुल, बेटा, जेवला काय?" आधी त्यांनी तेवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "साऱ्याईचे नावं काढ. आन ज्याईले पाठवले, त्याईले तू सोता फोन कर एकेकाले. होते का नाई होत, ते मंग पाहू. बारा फोन कर, पंधरा कर. माह्यासाठी कर."

त्यानं ते केलं. दोघांनी ऐकलं, एकानं ऐकलं नाही.

रुचिकानं मात्र रात्रभर विचार करून स्वतःचं काय ते ठरवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा. देवपूजा आटोपून ती सासूबाईंसमोर उभी राहिली. "आई, मी शाळेत जाऊन सांगतो. साऱ्याईच्या समोर."

"लोक म्हणतीन, शोभाबाईचं दुकान बायकांच्या गोष्टी विकते."

"म्हणतीन."

शोभाबाईंनी कुंकवाचं बोट सुनेच्या कपाळाला लावलं. "जा. पण त्या बाईचं जे आहे ते झाकून ये."

मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत सगळे चहा घेत होते. इंदिरा मॅडम खिडकीशी वह्या तपासत होत्या. त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. रुचिका दारात उभी राहिली.

"मी बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानातली. इंदिरा मॅडमले जे पत्र आलं, ते माह्या चुकीनं आलं. म्या कॉम्प्युटरवर भलत्याच रकान्यात त्यांचं नाव भरलं. त्यांले विचारलं नाई. तुमच्यापैकीही काही बायकांचे नावं आहेत त्याच्यात, त्याईलेही नाई विचारलं. साऱ्याईची माफी मागाले आली."

खोलीत चमचे थांबले. महादेवराव बशी खाली ठेवत म्हणाले, "असं आहे काय? मले वाटलं मॅडम आम्हाले पेढे चुकवून राह्यल्या!" एक-दोघं हसले. "पण मंग पोरी, हिरव्या बांगड्या कोणासाठी नेल्या होत्या?"

त्यांच्या विचारण्यात खोट नव्हती, नुसती चौकशी होती. पण सगळ्यांचे डोळे रुचिकावर आले. इंदिरा मॅडमचा लाल पेन वहीवर तसाच टेकलेला होता.

"ते आमच्या दुकानात विचारत नाई, काका," रुचिका म्हणाली. "मी एकडाव न विचारता लिवलं, तं एवढं झालं."

"वा!" कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या चित्रकलेच्या सरांनी मान हलवली. महादेवरावांनी कानाची पाळी धरली आणि पुन्हा चहाकडे वळले.

शाळा सुटल्यावर मॅडम तिला फाटकाशी भेटल्या. दोघी स्टेशनच्या वाटेनं चालू लागल्या.

"पुढच्या शुक्रवारी ती ओटी जामला पोचायला हवी," मॅडम अचानक म्हणाल्या.

"मॅडम, मले सांगू नका. तुमचा नेम मोडंन."

"मोडू दे. माझं व्रत मोडलं तर देवी मला समजून घेईल. त्या मुलीची ओटी रिकामी राहिली तर तिची सासू समजून घेणार नाही." मॅडम पहिल्यांदाच थोडं हसल्या. "पंचफुला तिचं नाव. याच शाळेत सातवीपर्यंत होती. आईबाप नाहीत, दूरचा एक मामा आहे, तो असून नसल्यासारखा. सासरी रोज ऐकून घेते, तुझ्या माहेरचं कुत्रं फिरकत नाही म्हणून. दिवाळी-संक्रांतीला मीच जाते. मामानं वाटेत दिली, असं म्हणून साडी देते आणि चहा पिऊन निघते. पण महादेवरावांची बहीण जामलाच दिली आहे, पंचफुलाच्या अगदी शेजारी. आता मी हिरव्या बांगड्या घेऊन तिथे दिसले, तर दुसऱ्या दिवशी इथे त्यांच्या लक्षात येईल, आणि आठवडाभरात तिच्या सासूच्या कानावर जाईल की मामानं काही पाठवलंच नाही."

"मी जातो," रुचिका म्हणाली. सोमवारी मॅडमनी पिवळा पुडा तिच्या हाती आणून दिला.

तो सगळा आठवडा ती सिंदीतल्या घराघरात फिरली. सोडतीची चिठ्ठी दाखवायची, काय झालं ते सांगायचं, नाव काढलंय म्हणायचं. कुणी पाणी दिलं, कुणी दारातूनच तोंड फिरवलं. एकीनं तर "तुमच्या दुकानात आता पाय नाई ठेवणार" म्हणून सुनावलं, आणि तिनं खरोखरच पाय ठेवला नाही. सपना मात्र उलट चिडली. "काऊन काढलं व माझं? मले रोज शालू दिसत होते! टाक परत!" रुचिकानं पहिल्यांदा विचारून, पहिल्यांदा होकार घेऊन, एक नाव पुन्हा भरलं. शोभाबाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "हे ठीक केलं. तिनं मांगतलं ना, मंग दे."

शुक्रवारी पहाटे उपास धरून, नुसतं पाणी पिऊन रुचिका निघाली. सिंदीहून गाडीनं वर्धा, वर्ध्याहून एसटीनं जाम. चौकात ट्रक उभे होते, भज्यांचा धूर होता. पंचफुलाच्या सासरचं चहाचं हॉटेल हमरस्त्याला लागूनच, मागे घर. अंगणात चार बायका जमल्या होत्या. पाटावर बसलेली पंचफुला मान खाली घालून होती. हातात जुन्या, उतरलेल्या रंगाच्या दोनच बांगड्या.

"आली का वो कोणी?" सासू मोठ्यानं म्हणाली. "म्या तं म्हटलं, यंदा मामा विसरला!"

"नाई विसरले." रुचिकानं पिवळा पुडा उघडला, खण पसरला, नारळ ठेवला. "भरून द्यायले मीच आली. बांगड्यावाली आहो."

बायकांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. बांगड्या भरायला माहेरहून बाई पाठवली म्हणजे थोडी गोष्ट नव्हती. सासूच्या आवाजातला काटा मऊ झाला. तिनं आत बघून चहा टाकायला सांगितलं.

रुचिकानं पंचफुलाचा हात हातात घेतला. मोठा, राबता हात, बोटांची पेरं जाड. शोभाबाईंनी शिकवलं होतं तसं तिनं अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबलं आणि एकेक बांगडी वर सरकवली. एकही वाढली नाही.

शेजारची बाई जवळ सरकून बसली होती. चेहऱ्याची ठेवण सरळ महादेवरावांची. "कोण्या गावच्या वो तुम्ही?"

"सिंदीकडची."

"सिंदीले तं माझा भाऊ आहे शाळेत! मामा सिंदीले राह्यते काय हिचा? कोणं पाठवलं म्हणता?"

पंचफुलाचा हात रुचिकाच्या हातात एकदम गार पडला. रुचिकानं तो सोडला नाही.

"पाठवणाऱ्यानं सांगतलं, पोरीचे हात भरून या. बाकी मी कोण्या गिऱ्हाइकाचं दुसऱ्या गिऱ्हाइकाले सांगत नाई, आत्याबाई. उद्या तुमचं काही असंन, तं तेही नाई सांगणार."

अंगणातल्या बायका खो खो हसल्या. "बोला आता!" कुणीतरी म्हणालं. शेजारीणही हसली. "लय पक्की आहे हो! माह्या सुनेची ओटी आहे वैशाखात. पत्ता सांगून ठेवजो दुकानाचा."

शेवटची बांगडी चढली. पंचफुलानं दोन्ही हात समोर धरून पाहिले. मग ती पाटावरून सावकाश उठली, पोट सावरत वाकली आणि बांगड्या भरणाऱ्या बाईच्या पाया पडली. तशी रीतच आहे, म्हणून कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. वाकलेल्या तोंडानं तिनं इतकंच विचारलं, "मॅडम बऱ्या आहेत ना?"

रुचिकानं तिला दंडाला धरून उठवलं. "बऱ्या आहेत," ती तिच्या कानाशी म्हणाली. "हा नमस्कार माझा नाई. आजच पोचवतो."

मॅडम शाळेतून घरी यायच्या वेळेला नालवाडी गाठायची होती. तिनं चहा नाकारला, उपास आहे म्हणाली, आणि तिथला रस्ता जाममध्ये कुणालाही न विचारता सरळ वर्ध्याच्या एसटीत जाऊन बसली.